काय मोडलं होतं?

वापरलेल्या वाद्यांच्या धंद्यात माणसाला दोन तोंडं लागतात. एक घेताना, एक विकताना. घेणारं तोंड म्हणतं, "हे मॉडेल आता कुणी फुकट दिलं तरी नेत नाही हो." विकणारं तोंड त्याच वस्तूवरून फडकं फिरवत म्हणतं, "असा आवाज आता नव्यात मिळत नाही." कानसेनकडे ही दोन्ही तोंडं होती आणि इतकी वर्षं ती एकमेकांसमोर आली नव्हती, म्हणून दुकान सुखात चाललं होतं.

कानसेन हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते धंद्यातल्या लोकांनी ठेवलं. तरुणपणी तो एका वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवायला गेला होता. बोटांनी दगा दिला, कानांनी तारलं. डोळे मिटून चार सूर ऐकले की कुठल्या पट्टीखालचं रबर झिजलंय, कुठला जॅक सैल झालाय, हे तो बिनचूक सांगायचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकून उभे केलेले कीबोर्ड, कोपऱ्यात ड्रम मशीन आणि मिक्सर, वरच्या फळीवर अ‍ॅडॉप्टरांचा गुंता. त्यातला कुठला कशाचा हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक. ती मागच्या खोलीत बसून उघडलेल्या कीबोर्डांच्या पट्ट्या कापसाने आणि स्पिरिटने पुसायची. दोन खोल्यांमध्ये दार नव्हतं, नुसता कापडी पडदा होता. त्यातून सगळं ऐकू जातं हे कानसेन विसरूनच गेला होता. आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाला कान असतात, हेच मुळी तो विसरला होता.

एका दुपारी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणारा एक गृहस्थ चादरीत गुंडाळलेला सिंथेसायझर, धंद्याच्या भाषेत सिंथ, छातीशी धरून आला. मागे त्याची मुलगी, नऊ-दहा वर्षांची. तिच्या हातात अ‍ॅडॉप्टरची वायर, नीट गुंडाळून रबर लावलेली.

"दिवा लागतो, पण पट्ट्या वाजत नाहीत," चष्मेवाला म्हणाला. "वायर बदलून पाहिली, दुसरा स्पीकर लावला. हिने शेजारी पाण्याचा पेला ठेवला होता, तो लवंडला. तेव्हापासून हा असा मुका."

मुलीने वायर टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतले.

कानसेनने सिंथ चालू केला. छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली. त्याने दोन्ही हातांनी पट्ट्या दाबल्या; हूं नाही की चूं नाही. त्याने सिंथ फिरवून पाठ पाहिली. कॉम्प्युटरला जोडायची वायर अजून तिथे खोचलेलीच होती, आणि ती पाहिल्याबरोबर त्याला सगळं समजलं.

असल्या वाद्यात 'लोकल' नावाची एक सोय असते. ती बंद केली की पट्ट्यांचा आवाजाशी संबंध तुटतो. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करताना ती मुद्दाम बंद करतात, नाहीतर एकेक सूर दोनदा उमटतो. मग काम झालं की माणूस वाद्य बंद करतो, सोय पुन्हा चालू करायला विसरतो, आणि हे जुनं मॉडेल असं दीर्घद्वेषी की बंद केलं ते बंदच लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी पट्ट्या दाबाव्यात तर मसणातली शांतता. वाद्य ठणठणीत असतं. दोन बटणं दाबली की गायला लागतं.

कानसेनने ती दोन बटणं दाबली नाहीत. त्याने जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"आतला बोर्ड गेलाय. एकदा पाणी प्यायलं की ह्याच्यात राम राहत नाही."

"दुरुस्त?"

"बोर्ड मिळत नाही आता. सुट्या भागांसाठी घेईन फार तर." चष्मेवाला घुटमळला. तो घुटमळला म्हणून कानसेनने आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं. सौदा अडला की ते वाक्य तो सगळ्यांनाच ऐकवायचा; घरात मूल असलेला माणूस त्यावर मान हलवल्याशिवाय राहत नसे. "मुलांच्या हातात दिलं की असंच होतं बघा."

चष्मेवाल्याने मागे वळून मुलीकडे पाहिलं. "ऐकलंस?" एवढंच म्हणाला. आवाजही चढवला नाही.

सिंथ भंगाराच्या भावात गेला. बाप चादरीची घडी घालत बाहेर पडला. मुलगी उंबऱ्याशी थांबली. "काका, ह्याचे भाग दुसऱ्या कुणाला लागतील ना?"

"लागतील की," कानसेन म्हणाला. "दुसऱ्याचा बिघडलेला असला तर ह्याच्यामुळे वाजेल." लहान मुलाला बरं वाटावं म्हणून आपण बोललो, असं त्याला वाटलं. मुलीने मान डोलावली आणि ती पळत बापाच्या मागे गेली.

मग त्याने दोन बटणं दाबली. सिंथ असा गोड बोलला की रस्त्यावरचा एक माणूस थबकून आत डोकावला. पडदा सरकवून बायको बाहेर आली. बोटाला कापूस तसाच.

"वाजतोय की."

"वाजणारच. लोकल बंद होतं नुसतं."

"मग बोर्ड कुणाचा गेला?"

कानसेन हसला. बायको हसली नाही.

"अगं, धंदा आहे."

"धंदा बापाशी करायचा ना. पोरीला कशाला मध्ये ओढलंत?"

"मुलं काय, चार दिवसांत विसरतात."

यावर ती काहीच बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं बोलणं त्याला पचलं होतं. तिचं न बोलणं कधी पचलं नव्हतं. ती सिंथ आत घेऊन गेली. डावीकडच्या पट्ट्यांवर पेन्सिलीने एक ते पाच आकडे लिहिलेले होते, कुठलं बोट कुठे ठेवायचं त्याचे. ते तिने पुसले. पुसताना ती त्याला हाक मारून ते दाखवू शकली असती. तिने हाक मारली नाही. त्यानेच पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि पाहून पस्तावला.

सिंथ काचेत लागला. काही दिवसांनी मुलांना संगीत शिकवणाऱ्या एक बाई आल्या, बसून वाजवून पाहिला, खूश झाल्या.

"ह्यात कधी काही बिघाड झाला होता का?"

"छे हो," कानसेनचं विकणारं तोंड म्हणालं. "घरगुती वापर. फार जपून वापरलाय त्यांनी. त्यांची मुलगी तर वायरसुद्धा रबर लावून ठेवायची."

बोलून गेला आणि त्याची कानशिलं तापली. पडद्यामागे काहीतरी घासल्याचा आवाज चालू होता, तो थांबला. दोन तोंडं अखेर समोरासमोर आली होती, आणि ती भेट काही गोड नव्हती. जपून वापरलाय. मुलांच्या हातात दिलं की असंच होतं. दोन्ही त्याच जिभेवरून गेलं होतं.

"हा विकायचा नाही," तो म्हणाला.

"मग काचेत कशाला मांडलाय?" बाईंचा प्रश्न रास्त होता. तो वायर गुंडाळू लागला. बाई फणकाऱ्याने निघून गेल्या.

आता माणूस लाजला म्हणजे लगेच सरळ होतो, असं काही नाही. बऱ्याचदा तो आधी आडवाट शोधतो. कानसेनला रात्रभर विचार करून एक नामी आडवाट सापडली. सिंथ परत न्यायचा, दुरुस्त झाला म्हणून सांगायचं, पैसे घ्यायचे नाहीत. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. पोरीला वाद्य मिळेल, आपली अब्रूही शाबूत राहील. सकाळी सिंथ उचलताना त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने बायकोला आपणहून सांगितलं, "परत देऊन येतो."

"काय सांगणार?" तिने विचारलं.

"बघतो," म्हणून तो सटकला.

चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणून विकणाऱ्याचा पत्ता तो घेऊन ठेवायचाच. घर तिसऱ्या मजल्यावर होतं, जिना अरुंद, वळणावर सिंथ उभा करूनच न्यावा लागला. सुट्टीचा दिवस होता. चष्मेवाल्याने दार उघडलं आणि बघतच राहिला.

"एक जुना बोर्ड पडलेला सापडला माझ्याकडे," कानसेन धापा टाकत म्हणाला. "बसवून पाहिला. लागला. म्हटलं, ज्याचं त्याला द्यावं."

सिंथ खिडकीजवळच्या त्याच्या जुन्या टेबलावर गेला. त्या टेबलावर आता इस्त्रीचे कपडे होते, ते घाईने बाजूला झाले. कानसेनने एक पट्टी दाबली. खोलीभर सूर पसरला. चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ आश्चर्य होतं की कानसेनने नजर दुसरीकडे वळवली.

"पैसे किती झाले?"

"पैसे नकोत."

"अहो, असं कसं? बसा, बसा आधी. आजकाल असं कोण करतं? मी तर आमच्या दुकानात सांगतो सगळ्यांना." त्याने स्वतः चहा केला, कप कानसेनच्या हातात दिला आणि आत हाक मारली. "बाहेर ये गं. काकांनी बघ काय केलंय. थँक्यू म्हण."

मुलगी दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली. "थँक्यू काका."

"आणि हे बघ," बाप समजुतीच्या सुरात म्हणाला, "आता ह्याला हात लावायचा नाही. नशीब एकदा साथ देतं, सारखं सारखं नाही. मी असलो घरी, तरच."

मुलीने मान हलवली. दोन्ही हात मागे नेले. तिला सिंथकडे दोन पावलंसुद्धा जावंसं वाटलेलं दिसलं नाही. तिथूनच तिने विचारलं, "काका, काय मोडलं होतं?"

कानसेनकडे उत्तरांचा काय तोटा? बोर्ड होता, जळलेला भाग होता, गंज होता. यातलं कुठलंही सांगितलं असतं तरी खपलं असतं. पण ज्याचं नाव घ्यावं ते ह्या पोरीने मोडलं, असं होणार होतं. त्याने दुरुस्त केलं म्हणायचं, तर तिने मोडलं म्हणावंच लागत होतं. एवढी साधी गोष्ट त्याच्या रात्रभराच्या हिशेबात आली नव्हती. चहाचा कप हातात गरम होता. ह्या खोलीत पाच मिनिटं तो देवमाणूस होता, आणि निदान चहा संपेपर्यंत तरी तसं राहावं, अशी त्याला लाचार इच्छा झाली. त्या इच्छेचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

"काही मोडलं नव्हतं," तो म्हणाला.

चष्मेवाला हसला. "म्हणजे?"

"बोर्ड गेलेला नव्हता. मी बदललाही नाही. तुम्ही हा कॉम्प्युटरला जोडला होता ना?"

"हो, रेकॉर्डिंग करून बघत होतो. एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात सांगितलं होतं, आधी ते हे बंद करा म्हणून..." चष्मेवाला थांबला. जे माणसाला दुसऱ्याने सांगावं लागत नाही, ते त्याला समजत चाललं होतं. "पण पाणी?"

"आत थेंबही गेला नाही. मी उघडून बघितलंय. ते बंद केलेलं तुम्ही पुन्हा चालू केलं नाहीत, एवढंच."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

हा प्रश्न येणार हे कानसेनला माहीत होतं, तरी तो आल्यावर त्याची मान खाली गेली. "तुम्ही दुकानात उभे होतात, तेव्हाच."

"तेव्हाच," चष्मेवाला म्हणाला. "आणि हिच्यासमोर तुम्ही ते बोललात."

"हो."

मग चष्मेवाला हळूच म्हणाला, "मी हिला मारलं होतं त्या दिवशी." हे तो कानसेनला सांगत होता, की मुलीला, की त्या टेबलाला, ते कळलं नाही.

मुलगी चौकटीपासून निघाली. टेबलाजवळ आली. "कुठलं बटण?"

कानसेनने एक बटण दाबून ती सोय पडद्यावर आणली आणि दुसरं बटण दाखवलं. तिने सोय बंद केली, पट्टी दाबली. शांतता. चालू केली, दाबली. सूर. पुन्हा बंद, पुन्हा चालू. खेळत नव्हती ती; खातरजमा करत होती. मग वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही करून बघा."

चष्मेवाला उठला. लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या त्या माणसाला ते बटण दिसेना. मुलीने त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं, मग पट्टीवर. सूर निघाला. बोट उचलायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही, सूर तसाच चालू राहिला.

कानसेनने न प्यालेला चहा खाली ठेवला. "येतो," म्हणाला. बसा असं आता कुणी म्हणालं नाही. दारात चपला चढवताना त्याला डावी-उजवी कळेना. तसाच तो जिना उतरू लागला, तर वरून हाक आली.

"काका."

मुलगी कठड्याला धरून उभी होती. रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला उतरणं सोपं गेलं असतं.

"तुम्ही म्हणाला होतात, ह्याचे भाग लावून दुसऱ्या कुणाचातरी वाजेल."

"हो."

"तसं नाही झालं ना?"

"नाही," कानसेन म्हणाला. "तेही खोटंच होतं."

मुलीने थोडा विचार केला. "मला रोज वाटायचं," ती म्हणाली, "आपला मोडला, पण निदान दुसऱ्या कुणाचातरी वाजत असेल."

आणि ती आत गेली. कानसेन जिन्यात उभा राहिला. वर कुणीतरी बटण बंद करत होतं, चालू करत होतं. एकदा सूर, एकदा काहीच नाही. जे ऐकू येत नव्हतं तेही त्याला नीट ऐकू येत होतं.