आधी पात्र, मग डोण

मित्रांनो, मी एक जुने दगडी पात्र आहे. आमच्या स्कॉटलंडच्या तांबड्या दगडातून एका पाथरवटाने मला कोरले, काठावर मासळ्या काढल्या आणि तळाला एक भोक पाडले. बाप्तिस्म्याचे पवित्र पाणी कोणी चेटकासाठी पळवू नये, काम झाले की बूच काढून ते थेट जमिनीत जिरवावे, म्हणून ते भोक.

चर्चच्या दाराशी माझी जागा होती. किलड्रोम गावची सगळी बाळे माझ्यापाशी येत. गार पाणी डोक्यावर पडले की ती टाहो फोडत आणि त्यांच्या आया समाधानाने हसत, कारण बाप्तिस्म्याला न रडणारे मूल आमच्याकडे अपशकुनी. मुलीच्या आधी मुलाला आणायचे, हाही नियम. नाहीतर त्याची दाढी तिला येते म्हणे! तो टाहो मला फार आवडे.

मग धर्मसुधारणेचे नवे वारे आले. कोरीव दगड म्हणजे मूर्तिपूजा, असे ठरले आणि मला एका शेतावर नेऊन टाकले. तिथे भोकात लाकडी बूच ठोकून माझी गुरांची डोण केली. पिढ्यानपिढ्या गाई माझ्यात पाणी प्यायल्या. गाई मायाळू असतात, माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण मित्रांनो, गाय पाणी पिताना रडत नाही.

गेल्या वर्षी बातमी आली की चर्चला कुलूप लागणार. गावात माणसेच उरली नव्हती. त्याआधी तिथे उत्खनन करायला रोना नावाची संशोधक आली. फरशीखाली तिला जुन्या भिंतीचा पाया सापडला आणि माझी फुटकी बैठकही सापडली. पण वरचे पात्र कुठे, ते कळेना. शेताची मालकीण इशबेल एकदा तिला चहाला घेऊन आली. अंगणात रोनाने माझ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला.

"इशबेलबाई, डोणीला भोक कशाला?"

"बूच बसवायला," इशबेल म्हणाली. "आताचं आमच्या सासऱ्यांनी तासलंय. काढलंस तर काढ, पण फेकू नकोस हं."

रोनाने काठावरच्या मासळ्यांवरून बोट फिरवले आणि मला ओळखले: हरवलेले पात्र ते हेच! मला शहरातल्या संग्रहालयात न्यायचे ठरले. माझा जीव कासावीस झाला. जाण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, बाळाचा टाहो ऐकायचा होता. इशबेलच्या मनातही तेच होते.

"आधी माझ्या नातीचा, अ‍ॅल्साचा बाप्तिस्मा यात होणार. मग न्या कुठं न्यायचं तिथं."

शेवटच्या रविवारी मला चर्चमध्ये माझ्या जुन्या बैठकीवर चढवले. एरवी न फिरकणारेही आले होते. पाळकबाईंनी पाणी ओतले आणि ते भोकातून थेट त्यांच्या बुटांवर!

"अगं बाई, बूच!" रोना ओरडली.

इशबेलने पर्समधून ते काढले आणि पायातल्या बुटाच्या टाचेने ठोकून बसवले.

"इशबेल, हिच्या आधी गाई प्यायल्यात त्यात," मागून शेजारी डुगल म्हणाला. "पोरीला शिंगं येतील!"

"येऊ देत. तुला ढुशी मारायला लागतीलच."

सारे चर्च हसले. पाणी पडले आणि अ‍ॅल्साने असा टाहो फोडला की मी भरून पावले.

दुसऱ्या दिवशी कुलूप लागले. आता मी काचेमागे कोरडे उभे आहे. 'हात लावू नये' अशी पाटी आहे. रोना मला जिवापाड जपते. पण मित्रांनो, जुनी वस्तू पुसून ठेवली म्हणजे सांभाळली असे नाही. मला गाईंनीही सांभाळले. जुन्या वस्तूला कधीतरी तिचे काम करू द्या.

रोनाने माझ्याशेजारी ठेवायला ते बूचही मागितले होते. इशबेलने साफ नकार दिला.

"पुढच्या नातवंडाला लागेल."