पिवळ्या कुंचीतला वरवंटा

"मला काहीही होणार नाही. लिहून घ्या!" नववा महिना चालू असताना, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर स्वरदानं माइक हातात घेऊन सांगितलं होतं. सांगायचा तिला हक्कच होता म्हणा. झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये तिचं समुपदेशनाचं क्लिनिक, आणि गेली सहा वर्षं बाळंत झालेल्या बायकांची बिघडलेली मनं ताळ्यावर आणायची, एवढंच तिचं काम. "थकवा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, हे मला झोपेतसुद्धा कळतं." टाळ्या पडल्या.

बाळंत होऊन अकरा दिवस झाले आणि तिनं डिंकाचा लाडू फेकून भिंतीवरचं घड्याळ फोडलं.

लाडू अख्खा राहिला, हे विशेष. सासूबाईंनी, म्हणजे अंबिकाबाईंनी, तो उचलला, फुंकला आणि परत डब्यात ठेवला. "हातातून निसटला वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो, आई," स्वरदा म्हणाली. लाडू निसटून नऊ फूट वर गेला होता.

मग रोजच काहीतरी फुटायला लागलं. दूध काढायचा पंप तिनं बत्त्यानं ठेचला. नवऱ्यानं, पार्थनं, "रिलॅक्स" एवढा एकच शब्द उच्चारला, तर त्याच्या कानाजवळून कुकरचं झाकण गेलं. पार्थ बँकेतला माणूस. तिथे लोक नुसता आवाज चढवतात. तो घरात हेल्मेट हाताशी ठेवायला लागला.

पण फुटलेल्या वस्तूंचं तिला काही वाटत नव्हतं. भीती निराळीच होती. दिवसातून वीसवीस वेळा तिला एक चित्र दिसायचं. आपलेच दोन हात, हातात बाळ, आणि हात सुटतात. कधी गच्चीवरून, कधी ओसरीवरून. पोर कडेवर असली की ती भिंतीला खांदा घासत चालायची. पातळाची कड पांढरी झाली चुन्यानं.

आणि गंमत बघा, हे सगळं तिला पाठ होतं. चिरगावची सलोनी, दोन वर्षांपूर्वीची तिची पेशंट, तिला विहीर दिसायची. स्वरदानं तिला शांतपणे समजावलं होतं आणि वर लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं होतं. 'डरावनी तस्वीर दिखना और वैसा करना, दो अलग बातें हैं। किसी एक को बता दीजिए।' असली दोनशे कार्डं क्लिनिकमध्ये पडली होती. पण स्वतः सांगायची वेळ आली तेव्हा तिची दातखीळ बसली. सांगितलं तर ही माणसं पोर आपल्या हातातून काढून घेतील आणि परत देणार नाहीत, असं तिनं पक्कं धरलं होतं.

म्हणून तिनं तिच्या मते शहाणपणाचा उपाय केला. घरातली विळी, तीन सुऱ्या आणि बत्ता गोळा करून वॉशिंग मशीनमध्ये, लंगोटांच्या खाली सगळं दडवलं. दुसऱ्या दिवशी पार्थला बायकोला मदत करायची हुक्की आली आणि त्यानं मशीन चालू केलं. चौथ्या मिनिटाला विळी दार फोडून बाहेर आली. बत्ता आतच राहिला आणि त्यानं उरलेलं मशीन संपवलं. आळ आला मोलकरणीवर. ती पार्थच्या नडगीवर लाथ घालून काम सोडून गेली. स्वरदा न्हाणीत जाऊन स्वतःच्या दंडाला चावली.

बारसं बाराव्या दिवशीचं, ते नणंदेच्या रजेपायी सहाव्या आठवड्यावर गेलं. नणंद मुग्धा, पार्थची मोठी बहीण, इंदूरहून आली ती चार दिवस आधीच, आणि आल्यापासून एकच टकळी. पोर रडली की, "काय हो मॅडम, पुस्तकात काय लिहिलंय यावर?" दूध कमी पडलं की, "आमच्या एक्स्पर्टबाईंना विचारा." स्वरदा "हो वन्सं" म्हणायची आणि उशीचे दोन तुकडे करून यायची.

बारशाला ओसरीवर माणसं जमली पंचावन्न. त्यातली मराठी जेमतेम वीस. बाकीचा सगळा मोहल्ला. शेजारच्या सिकरवार चाची पुढच्याच सतरंजीवर, आणि चिरगावहून बस पकडून सलोनीसुद्धा आली होती, दीदीची बिटिया बघायला.

आपल्याकडे पाळण्यात बाळ घालायच्या आधी वरवंटा घालतात. त्याला कुंची चढवायची, काजळ लावायचं, गोप्या म्हणायचं आणि पाच बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात द्यायचा. मग पोराची पाळी. अंबिकाबाई हौशी. त्यांनी दोन्हींसाठी एकाच पिवळ्या कापडाच्या कुंच्या शिवल्या होत्या, आणि वरवंटाही अंदाजानं बाळाच्याच वजनाचा निवडला होता. गोप्या फिरला, त्याला पाळण्यात एका कडेला निजवला. शेजारी बाळ. दोन पिवळी गाठोडी.

मुग्धा आत्या. ती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "कुर्रर्र, उर्वी!" आणि रीतीप्रमाणे चार बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घातले. बुक्के म्हणजे नावालाच हो. थोपटल्यासारखे.

"घाल की तूही," मुग्धा वाकल्यावाकल्या हसून म्हणाली. "का त्यालाही थेरपी लागते?"

स्वरदानं घातला.

तो आवाज कोपऱ्यात बसलेल्या हलवायालाही ऐकू गेला. मुग्धाचं डोकं पाळण्याच्या दांडीवर आपटलं. दुसरा बुक्का घड्याळाचा होता, तिसरा पंपाचा. चौथा नेमका कशाचा ते स्वरदालाही माहीत नव्हतं, पण तो सगळ्यात चांगला बसला. "अगं आई गं!" मुग्धा ओरडली, आणि मराठी बायका कौतुकानं हसल्या. काय रीत पाळतेय पोरगी!

सिकरवार चाचींना ही रीत कुणी सांगितलीच नव्हती. त्यांना दिसलं ते एवढंच, की पाच जणी मिळून घरच्या लेकीला बडवतायत. त्या पदर खोचून उठल्या. "अरे, काए मार रईं बिन्ना खों! शरम नईं आत?" आणि त्यांनी पहिली सापडली तिचा अंबाडा धरला. त्या अंबिकाबाई होत्या. अंबाडा अर्धा हातात आला.

मग काय विचारता! अख्खा मोहल्ला बुआजींना सोडवायला धावला, आणि मराठी बाजू अंबिकाबाईंना. घुगऱ्यांचं पातेलं कुणाच्यातरी डोक्यावर पालथं झालं. मुग्धाला दोन्ही पक्षांनी सोडवलं, एकानं डाव्या हाताला धरून आणि एकानं उजव्या. पाळण्याचा एक दोर तुटला. कुणीतरी गाठोडं उचललं आणि "बच्ची संभालो!" म्हणून स्वरदाच्या हातात कोंबलं.

त्याच वेळी पाठीमागून धक्का बसला, आणि तिचे हात सुटले.

पिवळी कुंची ओसरीच्या कठड्यावरून गेली. सगळ्यांनी ती जाताना पाहिली. खाली अंगणात पार्थ मोबाइलवर शूटिंग करत उभा होता. गाठोडं त्याच्या पायावर पडलं. कट्ट असा आवाज आला.

मारामारी जागच्या जागी थांबली.

गाठोड्यातला दगड हाताला जाणवला असणारच, पण ती बातमी डोक्यापर्यंत पोचलीच नाही. स्वरदा कठड्याशी गुडघ्यावर बसली. "मी टाकली," ती म्हणाली. "धक्का नाही, मीच. मला रोज हेच दिसतं. रोज. सुऱ्या पण मीच लपवल्या होत्या. तिला माझ्याकडे देऊ नका." आणि मग हिंदीत परत सगळं सांगितलं, म्हणजे कुणाचं समजायचं राहू नये.

खालून पार्थ कळवळून ओरडला, "अगं, वरवंटा आहे! वरवंटा!"

आणि मागून पोर रडली. सलोनीच्या कडेवर होती. स्वरदाचा पहिला बुक्का बसला त्याच क्षणी सलोनीनं तिला पाळण्यातून उचललं होतं. "दीदी, आपका हाथ देखा तो समझ गई," ती म्हणाली. "कब से है?"

"पाँचवाँ हफ़्ता है।"

"कार्ड में तो लिखा था, किसी एक को बताओ। आपने पचपन को बता दिया।" सलोनी तिच्या शेजारी बसली आणि पोर सरळ तिच्या मांडीवर दिली.

स्वरदानं हात मागे घेतले. "नहीं। अभी देखा ना तुमने?"

"पत्थर गिरा है, दीदी। पकड़िए। मैं बैठी हूँ।"

स्वरदानं धरली. या वेळी हात सुटले नाहीत. उर्वीनं तिच्या हनुवटीला एक लाथ घातली.

अंबिकाबाई उरलेला अंबाडा सावरत आल्या. आता त्या पोर मागणार, म्हणून स्वरदानं डोळे मिटले. त्या नुसत्या भिंतीला टेकल्या. "पार्थच्या वेळी मी अडकित्ता माळ्यावर टाकला," त्या म्हणाल्या. "मला त्याची बोटं दिसायची त्यात. तुझ्या सासऱ्यांनी दोन वर्षं सुपारी दातानं फोडली. दोन दाढा गेल्या त्यांच्या, पण मी काही बोलले नाही."

"मग थांबलं कसं, आई?"

"आपोआप. पण फार दिवस लागले गं. तू नको थांबूस तेवढी."

सिकरवार चाची हळूच म्हणाल्या, "हमें तो कुआँ दिखता था," आणि हातातले केस अंबिकाबाईंना परत केले.

दुपारपर्यंत पार्थ दवाखान्यातून आला, डाव्या पायाला प्लास्टर. मुग्धा दिवाणावर पालथी, पाठीवर हळदीचा लेप. तशीच पडून तिनं ग्वाल्हेरच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे फोन लावला. स्वरदा पोरीला घेऊन समोर बसली होती, भिंतीपासून चांगली हातभर दूर.

"गुरुवारी अकराची वेळ मिळाली," मुग्धा म्हणाली. "तिथली बाई म्हणते, तोवर घाबरायला झालं तर झाशीतच एक चांगल्या मॅडम आहेत. नंबर दिलाय. लावते हं."

"वन्सं, सॉरी," स्वरदा म्हणाली.

"गप. चौथा फार जोरात होता." मुग्धानं नंबर लावला.

आतल्या खोलीत स्वरदाचा क्लिनिकचा फोन वाजायला लागला. तो आणायला पार्थ लंगडत उठला. वरवंटा कुणीतरी आणून दारात ठेवला होता. त्याला ठेचकाळून पार्थच्या उजव्या पायाचा अंगठा मोडला.