मसाजींना पाठ असलेला नंबर

महिन्याभरापासून चंद्रभागाबाईंच्या फोनला घरात रेंजच येत नव्हती. दिवसातून चार-पाच वेळा त्या देवळाच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहायच्या. त्यांचे मालक मसाजी मेंढरं घेऊन पुसदच्या डोंगराकडं गेलेले. त्यांचा फोन ओढ्यात पडून गेला होता, म्हणून वाटेत भेटंल त्याच्या फोनवरून लावायचे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बायकोचा नंबर तोंडपाठ होता.

वारंगा फाट्यावरचा दुकानदार म्हणाला, "मावशी, नव्या कंपनीचं कार्ड फुकट देतो. जुनाच नंबर पाहिजे असंल तर अडीचशे जादा."

"नंबर बदलल्यावर माणूस कुठं फोन लावील?" म्हणत त्या उठल्या.

कॉलेजात शिकणारी पुतणी शितल म्हणाली, "जादा काहून द्यायचे काकू? तुमचं रिचार्ज संपतच आलंय. मेसेज टाकला की नंबर तोच ठेवायचा कोड येतो. तो आन् आधार घेऊन नव्या कंपनीच्याच दुकानात जाऊ."

सोमवारी दोघी कळमनुरीला गेल्या. दुकानातल्या माणसानं फोटो काढला, फक्त नव्या रिचार्जचे पैसे घेतले आणि कार्ड दिलं. "जुनं बंद पडलं की हे टाका. मधी थोडा वेळ फोन लागणार नाही."

शुक्रवारी सकाळी जुनं कार्ड बंद पडलं. शितलनं नवं टाकलं, तर तेही मुकंच. चंद्रभागाबाईंनी फोन दहादा बंद-चालू केला. तव्यावरची भाकर करपली. आंगणातून ओट्यावर, ओट्यावरून आंगणात, पाय एका जागी ठरेनात. शितलनं आपल्या फोनवरून कंपनीला विचारलं. "संध्याकाळपर्यंत होईल," असं उत्तर आलं. संध्याकाळ गेली, काही झालं नाही.

शनिवारी नऊ वाजता फोनवर सगळ्या रेघा उमटल्या. शितलनं लावून पाहिलं, घंटी वाजली. मग चंद्रभागाबाई फोन मांडीवर घेऊनच बसल्या. दुपार झाली तरी मसाजींचा फोन नाही. चारच्या सुमाराला ते स्वतःच दारात उभे! धुळीनं माखलेले, डोळे तांबारलेले.

"तुमी? मेंढरं कुठायत?"

"सोबतच्या सोनाजीपाशी टाकून आलो. काल तिघांच्या फोनवरून लावलं. दरवेळी फोनमधली तीच बाई म्हणून राहिली, नंबर बंद हाय. मला वाटलं, तुला काही झालं का काय." त्यांनी बाईंना वरून खालपर्यंत पाहून घेतलं.

बाईंनी सगळं सांगितलं.

"आधी काहून न्हाई सांगितलं?"

"कुठं लावून सांगू? आठ दिवस तुमचाच फोन न्हाई."

"कालपर्यंत डोंगरात कोणी भेटलंच न्हाई," मसाजी हळूच म्हणाले. ते पाणी प्यायले, पण पटका काढला नाही. "तिकडं लांडग्यांची तकलीफ हाय. सोनाजी एकटाच. निघतो."

दोन भाकरी जबरदस्तीनं खाऊ घालून बाई त्यांच्यासोबत फाट्यापर्यंत गेल्या. वाटेत शितलचा नंबर पाठ करून घेऊ लागल्या. सहा आकड्यांपर्यंत जमायचं, मग मसाजी चुकायचे. जीप आली, तेव्हाही शेवटचे दोन राहिलेच होते.

रविवारी सकाळी चुलीपाशीच फोन वाजला.

"पोचलो. मेंढरं बराबर हायेत. दोन व्याल्या."

"नीट ऐकू येऊन राहिलं," बाई म्हणाल्या. मसाजींच्या मागं मेंढरं ओरडत होती, ज्याचा फोन होता तो परत मागत होता, आणि बाई म्हणत होत्या, "थांबा ना थोडं."