पिवळा खिसा

"पिवळाच का पण?" शिंपिणीने कापड उलटंसुलटं करत विचारलं.

"ओळखायला सोपं जातं हो," मोठ्या बाई गोड हसल्या. "थोडी मागे पडलेली मुलं आहेत. त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचंय."

शाळेचे गणवेश ती कितीतरी वर्षं शिवत होती, पण मोठ्या बाई स्वतः दुकानाची पायरी आज पहिल्यांदा चढल्या होत्या. आणि इतक्या गोड! शिंपिणीच्या मनात पाल चुकचुकली. लक्षच द्यायचं तर पोरांची नावं पाठ करा की! पण हे ती मनातच म्हणाली. शाळेचं काम गेलं तर घर कशावर चालणार?

"पोर सुधारलं की खिसा बदलायचा ना?"

"बघू, बघू," म्हणत बाई गेल्यासुद्धा.

शाळा सुरू झाली आणि तिच्याच चिमीच्या वाट्याला पिवळा खिसा आला. पोरगी जरा अडखळत वाचायची, एवढंच. शिंपिणीला स्वतःच्याच हातांचा राग आला. मग ती रोज खोदून खोदून विचारू लागली, "आज काय शिकवलं गं?" चिमी म्हणायची, "छान." त्या 'छान'वर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

सहामाहीनंतर एकदा मामा जेवायला आला. शिंपीण वाढायला बसली, तर चिमीने आपलं ताट मागे ओढलं.

"का गं? भूक नाही?"

"आहे ना. पण आम्ही पिवळे शेवटी. पाणीसुद्धा शेवटी. आणि बाई आम्हाला प्रश्नच विचारत नाहीत. मज्जा!"

मामा खो खो हसला. शिंपिणीने हातातली पळी खाली ठेवली. तशीच उठून तिने गणवेश काढला आणि खिशाची टीप उसवून टाकली. बाकीचं कापड धुऊन धुऊन विटलं होतं. खिशाखालचा चौकोन तेवढा नवाकोरा, गडद निळा राहिला होता. दुरूनही दिसेल असा.

"आई, बाई ओरडतील."

"ओरडू देत. मी येते ना."

काम गेलं तर गेलं, असं स्वतःला बजावत ती सकाळी शाळेत गेली. चिमी सवयीने रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. शिंपिणीने सगळ्यांदेखत तिला पुढे आणलं.

चिमीने एक हात आईच्या हातात दिला, आणि दुसऱ्या हाताने छातीवरचा चौकोन झाकून घेतला.