ऑर्बी स्लोनची कवळी

“झालं? एवढंच?” मक्याच्या पावाचा तुकडा घेवड्याच्या रश्श्यात बुडवता बुडवता व्हर्नाचा हात थांबला. “अगं, माझ्या बसचं ऑइल बदललं तरी गॅरेजवाला याहून जास्त लिहितो!”

“आई, त्यांना एवढंच हवं असतं. नवीन काय केलं ते.” ट्वायलाने कागद पुन्हा वाचला. जीवरसायनशास्त्रात पहिली श्रेणी मिळाली. अँब्युलन्सवर पाळीची प्रमुख झाले. आपली विश्वासू, वगैरे.

डॉक्टरकीच्या कॉलेजांना तिचे अर्ज उन्हाळ्यातच गेले होते. तीन ठिकाणांहून नकार आले. उरलं होतं शहरातलं एकच, आणि तेही मिठाची गुळणी धरून बसलेलं. मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरण्याआधी उमेदवाराला एक पत्र पाठवता येतं, अर्जानंतर मी अमुक केलं, तमुक शिकले असं सांगणारं. पारडं फिरलं तर त्याने फिरणार. ट्वायला तिशीला टेकली होती. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचं बळ तिच्यात उरलं नाही, हे व्हर्नाला दिसत होतं.

“ऑर्बीच्या कवळीचं लिही,” व्हर्ना म्हणाली.

ऑर्बी स्लोन हा डोंगराच्या घळीत, रस्ता संपतो तिथे राहणारा जुना खाणकामगार. कोळशाने त्याची फुफ्फुसं खाल्ली होती. नाकात कायम ऑक्सिजनची नळी. मागे त्याच्या छातीत कळ आली, तेव्हा ट्वायलाने त्याला त्या उभ्या जिन्यावरून उचलून खाली आणलं. गाडीत घातल्यावर म्हातारा तोंडावर हात धरून रडायला लागला. जोडीदार यंत्राच्या तारा जोडेपर्यंत ट्वायला धावत वर गेली आणि त्याची कवळी घेऊन आली. त्यामुळे परक्या गावच्या नर्सांपुढे बोळकं घेऊन जायची पाळी त्याच्यावर आली नाही.

“ती त्यांची लाज आहे,” ट्वायला तडकली. “ती विकून मी डॉक्टर होऊ?”

व्हर्नाने पावाचा तुकडा तोंडात टाकला. पण गप्प बसणं हा काही तिचा पिंड नव्हता. शाळेची पिवळी बस चालवताना प्रत्येक थांब्यावर ती लेकीचं कौतुक सांगायची. पोरांना स्वतःच्या मार्कांपेक्षा ट्वायलाचे मार्क जास्त पाठ होते. दुसऱ्या दिवशी शेवटचं पोर उतरल्यावर तिने ऑर्बीच्या अंगणात बस वळवली आणि ती जिना चढून वर गेली.

“लिही की!” ऑर्बीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. “कवळी माझी, लाज माझी. त्या पोरीला काय त्याचं? घे कागद.”

धापा टाकत त्याने सांगितलं, व्हर्नाने लिहिलं, आणि त्याने खाली सही ठोकली.

व्हर्नाने कॉलेजला धाडलेलं ते पत्र परत आलं, ते थेट ट्वायलाच्या हातात. सोबत चिठ्ठी होती: उमेदवाराखेरीज इतरांची पत्रं आम्ही वाचत नाही.

ट्वायला ओरडली असती तर बरं झालं असतं. “आई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात लोक,” ती हळूच म्हणाली. “तू माझ्या पायावर पाडलास.”

त्यानंतर बसमध्ये कौतुक बंद झालं. पोरं विचारायची, “ट्वायलाचं काय झालं?” व्हर्ना म्हणायची, “सरळ बसा.” ऑर्बी मात्र रोज ओसरीवरून हात उंचावून विचारायचा, “आलं का उत्तर?” ती नुसती मान हलवायची. वाचलंच नाही त्यांनी, हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

फेब्रुवारीत एके दुपारी ती बस वळवायला गेली, तर ऑर्बीच्या अंगणात अँब्युलन्स उभी. ट्वायला आणि तिचा जोडीदार म्हाताऱ्याला जिन्यावरून खाली आणत होते. त्याचा चेहरा राखेसारखा पडला होता. त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून ट्वायलाची बाही धरली.

“पोरी... माझं पत्र?”

व्हर्ना बसमधून उतरून तिथवर आली होती. ट्वायलाने आईकडे बघितलंसुद्धा नाही.

“वाचलं त्यांनी, आजोबा. आज सकाळीच बोलावणं आलं. गुरुवारी मुलाखत आहे. तुमच्या पत्रामुळेच बोलावलंय.”

“बघ! म्हटलं नव्हतं मी?” म्हातारा हसला. मग एकदम घाबरला. “दात घेतलेस ना?”

“माझ्या खिशात आहेत.”

गाडीचं दार लावून ट्वायला वळली, तेव्हा व्हर्नाने तिला कुजबुजत विचारलं, “आलंय खरंच बोलावणं?”

“खरंच, आई. माझ्या पत्रावर आलंय.” एवढं बोलून ती गाडीत चढली.

इतकी वर्षं रात्र-रात्र जागून पोरीने जे मिळवलं, ते तिने एका वाक्यात म्हाताऱ्याच्या ओंजळीत टाकलं होतं. व्हर्ना रिकाम्या बसमध्ये येऊन बसली. लेकीचा अभिमान तिला रोजच वाटायचा, पण आज तो छातीत मावेना.

ऑर्बी त्याच आठवड्यात गेला. अंत्यविधी गुरुवारीच होता. व्हर्ना ठेवणीतला कोट घालून एकटीच गेली आणि शवपेटीजवळच्या रांगेत उभी राहिली.

“ट्वायला नाही आली?” ऑर्बीच्या बहिणीने विचारलं.

एरवी व्हर्नाने या प्रश्नावर गाव डोक्यावर घेतलं असतं. आज ती, मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, एवढंच म्हणाली, “ऑर्बीने तिच्यासाठी कॉलेजला पत्र लिहिलं होतं. त्यावरच बोलावलंय तिला. तिकडेच गेलीय.”

बहिणीने रुमाल डोळ्यांना लावला. “सांगायचा तो आम्हाला. आम्हाला वाटायचं, थापा मारतोय.”

रांग पुढे सरकली. ऑर्बीला नवा शर्ट घातला होता, केस नीट विंचरले होते. व्हर्नाने वाकून पाहिलं. कवळी तोंडात होती.