शेपटाची गाडी

माझ्या नवऱ्याला त्याचे गाडीवाले मित्र ‘शेपूट’ म्हणायचे, आणि त्याला त्याचा कोण अभिमान होता. जॅकेटच्या पाठीवर तो शब्द मीच भरून दिला होता. शिवणकाम माझा धंदा. त्या सगळ्यांची टोपणनावं माझ्याच मशीनखालून गेली आहेत. मी म्हटलं, "लोक पुढे जाण्यासाठी जीव टाकतात, आणि तू मेला शेपटाला धरून बसलास." तो म्हणाला, "शेवटी राहिलं की सगळे समोर दिसतात."

मोटारसायकलींवर भटकायला निघाले की त्यांचा नियम साधा होता. पुढे एक ठरलेला, सगळ्यात मागे एक ठरलेला, मधे बाकीचे. फाटा आला की एकाने तिथे थांबून मागच्यांना वळण दाखवायचं, आणि शेपूट दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही, मग ऊन असो की पाऊस. कुणाची चेन तुटली, कुणी पडलं, तर शेपूट त्याच्यापाशी थांबलेलं असायचं. त्यामुळे त्यांच्यातलं कुणी कधी मागे सुटलं नाही.

दर रविवारी मला घरात टाकून हा असा लोकांची राखण करायला जायचा. त्या गाडीला मी सवत म्हणायचे. अर्धं गमतीनं, अर्धं नाही. आणि गाडीनं त्याला कधी ओरखडासुद्धा काढला नाही. गेला तो घरात, खुर्चीत बसल्या बसल्या. मी आतल्या खोलीत शिवत होते. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

काही दिवसांनी दीर म्हणाले, "वहिनी, दारात गंजवण्यापेक्षा गाडी देऊन टाकू." मी हो म्हटलं. सोमवारी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. त्याच्या आदल्या दिवशी मित्रांनी नवऱ्याच्या आठवणीसाठी फेरी काढली. मी सांगितलं, मी येणार, त्याच्याच गाडीवर. सवतीनं माझ्या माणसाला असं काय दिलं, ते मला ती जायच्या आत बघायचं होतं. नाहीतर तिच्यावरचा राग मला जन्मभर पुरला असता. चालवायला त्यानेच शिकवलं होतं, मोकळ्या मैदानावर, ओरडून ओरडून.

सकाळी निघालो. पुढे डॉक्टर, दातांचे. मला त्यांनी मधे घातलं, घरातल्या आजारी माणसाला मधे बसवतात तसं. पेट्रोल पंपाजवळच्या फाट्यावर भोपळा थांबला. भोपळा म्हणजे बेकरीत पाव भाजणारा. कसलीही गाडी त्याच्याखाली खेळण्यातली वाटते. त्याने हात करून आम्हाला डावीकडे वळवलं.

पुढे चहाच्या टपरीवर सगळे उतरले, हेल्मेटं काढली. चहा आला. आमचे कप रिकामे झाले, भोपळ्याच्या चहाने निवून साय धरली, तरी त्याचा पत्ता नाही. फोन उचलेना. गाडीवर असताना फोन बॅगेत, हाही त्यांचा नियमच.

"पंक्चर झाली असेल," एक जण म्हणाला. "काळजी काय, शेपूट असेलच की त्याच्या..."

डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, "आज मागे कोण होतं?"

कुणीच नव्हतं. निघताना ती जागा कुणाला द्यायचीच राहून गेली होती. विसरले म्हणावं, तर सगळेच कसे विसरतील? त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटली नसावी. आणि तिकडे भोपळा फाट्यावर थांबला होता, माझ्या नवऱ्यासाठी.

डॉक्टर हेल्मेट चढवायला लागले. मी म्हटलं, "तुम्ही राहू द्या. पुढून आलेल्याचं तो ऐकायचा नाही."

फाट्यावर पोचले तेव्हा भोपळा माझ्याकडे पाठ करून, मागच्या रस्त्याला डोळे लावून बसला होता. ट्रकांच्या गोंगाटात त्याला माझा आवाज आला नाही. मी पंपाच्या आवारातून पलीकडे, सकाळी आलो होतो त्या रस्त्याला निघाले, बरीच लांब गेले आणि गाडी फिरवली. नवऱ्याने तिचा जुना पिवळा दिवा हट्टाने तसाच ठेवला होता. तो लावला आणि परत आले.

भोपळ्याला दिवा दिसला. ताडकन उभा राहिला, हात वर केला आणि तोंडभर हसला. इतकं खरं हसू मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

"किती उशीर रे," तो ओरडला.

मी जवळ थांबून हेल्मेटची काच वर केली. त्याचा हात तसाच वर राहिला. मग तो गाडीवर बसला आणि टाकीवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

"मला माहीत होतं, वहिनी," तो म्हणाला. "मी स्वतः खांदा दिला त्याला. पण शेपूट आल्याशिवाय निघायचं कसं?"

"आलंय," मी म्हटलं. "हो पुढे."

तो पुढे, मी मागे. सवयीनं आरशात पाहिलं. मागे नुसता रस्ता. शेपटाच्या आरशात कुणी नसतं, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. तरी मी टपरी येईपर्यंत पुन्हा पुन्हा बघत राहिले. मला तो हवा होता, बाकी काही नाही.

संध्याकाळी दिरांना फोन केला. गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवा, म्हटलं. ते वैतागले, आता काय झालं म्हणाले.

"रविवारी फाट्यावर माणसं थांबतात, भावोजी," मी म्हटलं. "कुणीतरी मागून जायला पाहिजे."