अंगठ्यावरचा खडू

मी एक गाठ बोलतेय. टेलर मास्तरांच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर राहते. फार दमलेय हो, तेव्हा थोडक्यातच सांगते.

माझा जन्म मास्तरांच्या रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडपासूनचा. ते जास्त झालं, की सांध्यापाशी कणाकणानं साचत जातं. पण या घरात मला कुणी ओळखलंच नाही. कात्री धरणाऱ्याच्या अंगठ्याला घट्टा पडतोच; मास्तर तर नवा कारागीर ठेवताना आधी त्याचा अंगठा बघायचे. घट्टा नसेल तर नापास. मलाही ते घट्टाच समजले, मग माझा काय तो मान! गिऱ्हाइकांना दाखवायचे, "ही बघा, उभ्या जन्माची कमाई."

पुढे माझ्यावरची कातडी ताणून पातळ झाली, पिवळट दिसू लागली आणि एक दिवस फुटली. आतून पांढरी पिठी आली.

"अगं, खडू आहे हा," मास्तर बायकोला म्हणाले. "कापडावर आखून आखून आत शिरलाय." आणि बसले ब्लेडनं मला तासत. अंगठा सुजून लालभडक झाला, कात्रीत जाईना. कामाशिवाय एक घटका न बसणारा माणूस नुसता खुर्चीत बसून राहिला. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी बायकोनं ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली आणि कान बघितला. कानाच्या कडेला माझ्या दोन चिमुकल्या बहिणी.

"ते पेन्सिल अडकवून झालंय," मास्तर म्हणाले.

"आणि पायाचा अंगठा दुखतो, तो मशीन चालवून?"

"तर काय."

बाईंनी सुईनं माझ्यातलं जरासं काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सुयांसारखे बारीक स्फटिक. "हा गाऊट आहे, युरिक अ‍ॅसिडमुळे होणारा संधिवात. तासायचं मुळीच नाही. रोज गोळी घ्यायची, वर्षानुवर्षं. गाठ हळूहळू विरघळेल. नाहीतर सांधा पोखरला जाईल, मग कात्री विसरा."

मी विरघळू लागले. मधेच दुखणं उसळलं, की मास्तर गोळीलाच शिव्या घालायचे. पण बायको पाण्याचा पेला घेऊन पुढ्यात उभी. आता मी वाटाण्याएवढी उरलेय. अंगठा कात्रीत जातो.

आणि इथंच घोडं अडलं. हल्ली मास्तर "घेतली गं" म्हणतात आणि तिची पाठ वळताच गोळी खिशात टाकतात. दुखत नाही, तर कशाला? माझ्यात पुन्हा कण येऊन बसायला लागलेत. त्या बिचारीला याचा पत्ताही नाही.

मास्तर, मला वाढायचं नाहीये. मी वाढले की तुमचा सांधा खाते, आणि खाताना मला थांबता येत नाही. ती बघा, पेला घेऊन येतेय. तिच्यासमोर तोंड उघडून गोळी गिळा, आणि मला जाऊ द्या.